हाडाचं म्हणणं

परवा रात्री मनूचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर म्हणाली, "बाबा, माझा तो बोन स्कॅन तू ठेवला असशीलच. त्याचा फोटो काढून पाठव ना."

"ठेवला आहेस का" असं नाही विचारलं, "ठेवला असशीलच" म्हणाली. आमची ख्याती ही अशी! 1994 सालची विजेची बिलं ज्या घरात सापडतात, तिथे 2007 सालचा बोन स्कॅन म्हणजे अगदीच अलीकडचा. माळ्यावरच्या ट्रंकेत, माझ्या पेन्शनच्या कागदांखाली तो मोठा खाकी लिफाफा होता. फिल्म बाहेर काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि मग बराच वेळ तशीच धरून उभा राहिलो.

या पानावर नेहमी येणाऱ्यांना मनू माहीत आहे. नातेवाइकांना तिच्या पायाची गोष्टही माहीत आहे. पण त्यातली अर्धीच. उरलेली अर्धी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आज सांगतो.

मनू तेव्हा चौदा वर्षांची, नववीत. 800 आणि 1500 मीटर धावायची. बरी धावायची म्हणजे शाळेत पहिली, जिल्ह्यात पहिल्या पाचात. त्या वर्षी परीक्षा संपल्याबरोबर सरांनी सराव वाढवला. सकाळी मैदान, संध्याकाळी पर्वती. पुण्यात वाढलेल्यांना पर्वतीच्या पायऱ्या धावत चढणं म्हणजे काय ते सांगायला नको. मीही खूष होतो. पोरगी घाम गाळतेय, आपण थर्मासमधून लिंबूपाणी घेऊन खाली उभे आहोत, यात एक वेगळाच रुबाब असतो.

तीनेक आठवड्यांनी तिची डावी नडगी दुखायला लागली. आतल्या बाजूला, घोट्याच्या वर, साधारण चार बोटांच्या जागेत. आधी धावून झाल्यावर दुखायची, मग धावताना, मग जिना उतरतानाही. आमच्या आईने, म्हणजे मनूच्या आजीने, आंबेहळद उगाळून लेप लावायला सुरुवात केली. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे काढला. स्वच्छ! हाडाला कुठेही रेघ नाही, तडा नाही. क्रेप बँडेज आणि वेदनाशामक गोळ्या घेऊन आम्ही परत आलो.

इथून पुढची गोष्ट नातेवाइकांना माहीत नाही.

मी जन्मभर ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. प्रयोगवहीत निरीक्षण नसेल तर निष्कर्षाला शून्य गुण, हा माझा खाक्या. एक्स-रे स्वच्छ आला आणि माझ्यापुरता निकाल लागला. चार दिवसांनी पर्वतीच्या अर्ध्या वाटेवर मनू कठड्याला धरून थांबली. बरोबरच्या चार-पाच मुली, त्यांचे पालक, सगळे तिथेच होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "एक्स-रे नॉर्मल आहे. नाटकं पुरे झाली."

ती काही बोलली नाही. उरलेल्या पायऱ्या चढली. आणि त्यानंतर दहा दिवस पाय दुखतो म्हणून एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, बघा, कसं बरोबर ओळखलं!

शेवटी आई माझ्याकडे आली. म्हणाली, "तुझा तो फोटो काय म्हणायचं ते म्हणू दे. पोरगी रात्री झोपेत पाय चोळते. नाटक करणारा माणूस झोपेत करत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी अस्थितज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला, मनूच्या नडगीवर एका बोटाने दाबत दाबत खाली आले आणि एका ठिकाणी ती कळवळली. मग तिला एका पायावर उडी मारायला सांगितलं. उजव्या पायावर सहज मारली. डाव्यावर मारेचना. डॉक्टर म्हणाले, "बोन स्कॅन करून घेऊ."

तोवर हा शब्दही मी ऐकला नव्हता. आज बहुतेक ठिकाणी अशा दुखण्यासाठी थेट एमआरआय करतात. त्यात किरणोत्सर्ग नाही, आणि हाडाच्या आतली सूजसुद्धा दिसते. पण कित्येक वर्षं खेळाडूंच्या अशा लपलेल्या दुखापती शोधायला बोन स्कॅन हाच मोठा आधार होता. आमच्या डॉक्टरांची भिस्तही त्याच्यावरच होती.

डॉक्टरांनी मला जे समजावलं ते फार सोपं होतं. हाड म्हणजे भिंत नव्हे. ते सतत मोडलं जातं आणि सतत बांधलं जातं. एका जातीच्या पेशी जुनं हाड खणून काढतात, दुसऱ्या जातीच्या पेशी तिथे नवं भरतात. धावणं एकदम वाढलं की खणणं आधी वाढतं, भरणं मागे पडतं. आमच्याकडे रस्ता खोदतात आणि बुजवायच्या आधीच वाहतूक सुरू होते ना, तसंच. मधे विश्रांती मिळाली नाही तर त्या अर्धवट भरलेल्या जागी बारीक तडे जातात. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पडावं लागत नाही, आपटावं लागत नाही. आणि एक्स-रेला दिसतो तो हाडातला कॅल्शियम. एवढ्याशा तड्याने त्यात फारसा फरक पडत नाही. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे बहुधा स्वच्छच येतो, काही वेळा तर शेवटपर्यंत.

म्हणजे एक्स-रे खोटं बोलला नव्हता. हाड दिसतं कसं, एवढंच त्याने सांगितलं होतं. हाड आत करतंय काय, हा प्रश्न त्याला विचारलाच नव्हता. बोन स्कॅन तो विचारतो.

न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग तळघरात होता. दारावर तीन पात्यांचं ते किरणोत्सर्गाचं चिन्ह. बाकांवर बसलेल्यांत मनूएवढं कुणीच नव्हतं. हळूहळू लक्षात आलं, बहुतेक सगळे कर्करोगाचे रुग्ण होते. रोग हाडांपर्यंत पोचलाय का हे बघायला आलेले. बोन स्कॅनचं मुख्य काम तेच. खेळाडू तिथे पाहुणेच. शेजारी डोक्याला रुमाल बांधलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मनूला विचारलं, "काय झालं गं?" मनू म्हणाली, "धावताना पाय दुखतो." मला अगदी ओशाळं झालं. त्यांच्यापुढे आमचं दुखणं ते काय! पण बाई म्हणाल्या, "खूप दुखतो का गं?"

मनूचे डोळे भरून आले. आणि मला लख्ख कळलं की इतक्या दिवसांत हा प्रश्न मी तिला एकदाही विचारलेला नाही. "कुठे दुखतो" विचारलं होतं, "कधीपासून" विचारलं होतं, "खरंच का" तर नक्कीच विचारलं होतं.

मग तंत्रज्ञ मुलगा आला. मी मास्तर आहे कळल्यावर जरा खुलला. सुईतल्या औषधात टेक्नेशियम आहे म्हणाला आणि माझे कान टवकारले. मूलद्रव्य क्रमांक 43! मेंडेलीव्हच्या तक्त्यातली ती रिकामी जागा. 1937 साली पालेर्मोत सेग्रे आणि पेरिअर यांनी मॉलिब्डेनमच्या एका पत्र्यात ते शोधून काढलं. तो पत्रा लॉरेन्सने बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधून पाठवलेला. माणसाने कृत्रिमरीत्या बनवलेलं पहिलं मूलद्रव्य, म्हणून ग्रीक शब्दावरून टेक्नेशियम. कित्येक वर्षं हे मी एका गुणाचा प्रश्न म्हणून शिकवत आलो होतो. आता ते माझ्या मुलीच्या शिरेत जाणार होतं.

"हे टिकतं किती?" मी विचारलं.

"सहा तासांत निम्मं, सर. उद्या या वेळेला सोळावा हिस्सा. त्यातलंही बरंच लघवीवाटे जातं. म्हणून साठवता येत नाही, रोज ताजं लागतं. मॉलिब्डेनम-99 चा जनरेटर येतो, त्याचं निम्मं व्हायला 66 तास लागतात. त्यातून सलाइन सोडलं की टेक्नेशियम बाहेर येतं. आम्ही त्याला गाय म्हणतो. रोज सकाळी धार काढायची!"

मनू हसली. बऱ्याच दिवसांनी.

किरणोत्सर्गाची धास्ती मला होतीच, ती डॉक्टरांनी आधीच घालवली होती. मुलांना वजनाच्या हिशेबाने कमी मात्रा देतात. मोठ्या माणसाला या तपासणीत साधारण 4 मिलिसीव्हर्ट मिळतात. जगात सरासरीने कुणालाही निसर्गातूनच वर्षाला सुमारे 2.4 मिलिसीव्हर्ट मिळतात. म्हणजे पावणेदोन वर्षांचा नैसर्गिक वाटा एका दिवसात. उगाच कुणी करू नये, पण कारण असेल तर घाबरूही नये.

तपासणी तीन टप्प्यांत असते. पाय कॅमेऱ्याखाली ठेवूनच सुई टोचतात आणि पहिलं एखादं मिनिट रक्त कसं धावत येतं ते टिपतात. पाचेक मिनिटांनी रक्त कुठे साचलंय ते. मग तीनेक तास सुट्टी. भरपूर पाणी प्यायचं, लघवीला जायचं. तोवर टेक्नेशियमला बांधलेलं ते फॉस्फरसयुक्त औषध हाडांत शिरतं आणि जिथे नवं हाड भरण्याचं काम जोरात चाललंय तिथे जास्त चिकटतं. शेवटी पुन्हा कॅमेऱ्याखाली स्वस्थ पडून राहायचं. यात गंमत अशी की कॅमेरा काहीच सोडत नाही. किरण निघतात ते माणसातून, कॅमेरा फक्त गोळा करतो. एक्स-रेच्या अगदी उलट.

या एका गोष्टीवर मी त्या तीन तासांत फार विचार केला. एका यंत्रात किरण बाहेरून मारून माणसाची सावली बघायची. दुसऱ्यात गप्प बसायचं आणि आतून काय येतंय ते घ्यायचं. पर्वतीवर मी पहिल्या जातीचा बाप होतो.

चित्र उमटलं. पांढऱ्यावर काळं. मी काचेतून पाहिलं आणि पोटात गोळा आला. मनूचे दोन्ही गुडघे आणि दोन्ही घोटे काळेकुट्ट! बाहेरच्या बाकांवरची माणसं डोळ्यांसमोर आली. तंत्रज्ञाने माझा चेहरा बघितला असावा. म्हणाला, "सर, ती वाढ आहे. हाडं लांब होतात ना, त्या पट्ट्या. या वयात असंच दिसतं."

वाढ! मुलगी वाढतेय हे शिक्षकाला, बापाला, सगळ्यांना माहीत असतं. पण असं शाईने काढलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

आणि डाव्या नडगीवर, मनू रोज बोट ठेवत होती बरोबर तिथेच, भाताच्या दाण्यासारखा दोन्ही टोकांना निमुळता काळा डाग. तिन्ही टप्प्यांत दिसणारा. अस्थितज्ज्ञांनी नंतर सांगितलं, नडगीच्या आवरणाचं नुसतं दुखणं असतं, धावपटू ज्याला शिन स्प्लिंट म्हणतात, तेव्हा हाडाच्या कडेने लांबट पट्टा दिसतो, आणि तोही सहसा शेवटच्या टप्प्यातच. इथे डाग आखूड, ठळक आणि पहिल्यापासून. स्ट्रेस फ्रॅक्चर.

"नाटकं" या शब्दाचा पुरावा माझ्या हातात होता. माझ्याविरुद्धचा.

मंडळी, गोष्ट इथे संपली असती तर ती बोधकथा झाली असती. पण माणूस एका दिवसात सुधारत नाही. फिल्म नीट पाहिल्यावर मला उजव्या नडगीवरही एक पुसटसा डाग दिसला. झालं! मी डॉक्टरांसमोरच मनूला म्हणालो, "उजवाही दुखत होता? मग सांगितलं का नाहीस?"

"नाही दुखत," मनू.

"अगं, पण इथे दिसतंय ना!"

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "सर, दुखतं ते तिला. फोटोला नाही."

मग त्यांनी समजावलं. स्कॅनला हाडाची हालचाल चटकन कळते, पण ती कशामुळे आहे ते कळत नाही. तडा असो, संसर्ग असो, गाठ असो, की नुसतं सरावाने हाड स्वतःला मजबूत करत असो, डाग पडतोच. खेळाडूंच्या स्कॅनमध्ये मुळीच न दुखणाऱ्या जागीही असे डाग सापडतात. उजव्या नडगीवर त्यांनी दाबून पाहिलं, उडीही आधीच सहज मारलेली होती. म्हणाले, त्यावर लक्ष ठेवू, पण उपचार डागावर करायचे नसतात, पोरीवर करायचे असतात.

म्हणजे आधी यंत्र "नाही" म्हणालं म्हणून मी तिचं "हो" मानलं नाही. आता यंत्र "हो" म्हणतंय म्हणून तिचं "नाही" मानायला तयार नव्हतो. दोन्ही वेळा मनू खरं बोलत होती.

नंतर डॉक्टरांनी मनूला खाणंपिणं, पाळी वगैरे विचारायला घेतलं आणि मला बाहेर बसवलं. अशा मुलींच्या हाडांचा या गोष्टींशी फार जवळचा संबंध असतो. खाणं कमी आणि धावणं जास्त झालं की पाळी चुकते, हाडं कमजोर होतात. मनूचा डबा महिनाभर अर्धा परत येत होता. हेही आईला माहीत होतं. मला नव्हतं.

दोन महिने धावणं बंद. चालायचं, पोहायचं, पोटभर जेवायचं. निवड चाचणी हुकली. नडगीच्या आतल्या कडेचा तडा विश्रांतीने चांगला भरतो, त्यामुळे तसं आम्ही नशीबवान. हाच तडा नडगीच्या समोरच्या कडेवर असता तर फार चिवट असतो, कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. आणखी दहा-वीस दिवस माझं खरं मानून ती धावली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी करायचं टाळतो. म्हणजे टाळायचा प्रयत्न करतो.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. मास्तर ना! 1855 साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने कवायत करून पाय सुजलेल्या, दुखणाऱ्या सैनिकांचं वर्णन करून ठेवलंय. पुढे हेच दुखणं मार्च फ्रॅक्चर म्हणून ओळखलं गेलं. एक्स-रेचा शोध 1895 चा. मधली चाळीस वर्षं दुखणं होतं, दाखवायला काही नव्हतं. किती सैनिकांना कामचुकार ठरवलं असेल! वेगवान गोलंदाजांची पाठ अशीच जाते. 1973 साली वेस्ट इंडिजच्या दौऱ्यात डेनिस लिलीच्या मणक्यांत असेच तडे गेले होते. बुमराच्या पाठीतल्या स्ट्रेस फ्रॅक्चरची बातमी 2019 साली आली, तेव्हा मी पेपर बाजूला ठेवून माळ्याकडे बघितलं होतं.

असो. फिल्मचा फोटो काढून मनूला पाठवला. मग विचारलं, आत्ताच कशाला हवा होता? ती रविवारी ज्या ग्रुपबरोबर धावते, त्यातल्या एका नव्या मुलाची नडगी दुखतेय. एक्स-रे स्वच्छ आलाय. बाकीचे त्याची टिंगल करतायत. मनूने त्याला धावणं थांबवून चांगल्या डॉक्टरकडे जायला सांगितलंय आणि टिंगल करणाऱ्यांना दाखवायला हा डाग हवा होता.

मी म्हणालो, "मनू, तेव्हा पर्वतीवर मी जे बोललो..."

"आठवतंय मला," ती म्हणाली. "राहू दे."

आठवतंय. राहू दे. दोन्ही खरं असणार. आजी असती तर म्हणाली असती, हाड भरतं, पण कुठे मोडलं होतं ते त्याला माहीत असतं.

थोडं थांबून मनूनेच विषय बदलला. "बरं, तुझी कंबर कशी आहे?"

"एक्स-रे नॉर्मल आहे," मी म्हणालो.

"एक्स-रे नाही विचारला, बाबा. खूप दुखते का?"